विशेष बाब म्हणून

मोठ्या कंपनीतली नीतिमूल्यं, असा विषय आज मला दिला आहे. मूल्यं म्हणजे काय आणि ती का हवीत, हे मी सांगत बसत नाही. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत, त्यांच्या ऑफिसात ती फ्रेम करून लावलेली असतात आणि रुजू होताना आचारसंहितेच्या पुस्तिकेवर तुम्ही सहीही केलेली असते. मिळालेल्या वेळात मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, ती म्हणजे अपवाद.

माझी सगळी नोकरी अंतर्गत लेखापरीक्षणात गेली. फायलींमध्ये चोऱ्या सापडतात, नाही असं नाही. पण चोर नियमाला भिऊन असतो, तो लपून करतो. नियमाला खरा सुरुंग लावणारं वाक्य उघडपणे, सहीशिक्क्यानिशी लिहिलेलं असतं: ‘विशेष बाब म्हणून मंजूर.’ तीन कोटेशनं मागवायची असतात, पण या वेळेपुरतं एकावर भागवलं. माल तपासणीत नापास झाला, पण महिनाअखेर आहे, जाऊ द्या. वरून सांगितलंय.

कैरीचं लोणचं घालताना घरात किती काळजी घेतात पाहा. कैऱ्या धुऊन, पुसून कोरड्या करायच्या, बरणी उन्हात तापवायची, वर तेलाचा थर, तोंडाला दादरा. ओला चमचा घालायचा नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. आणि मग एके दिवशी पंगत बसलेली असते, घाई असते, आणि घरातलंच मोठं माणूस ओला चमचा आत घालतं. त्या दिवशी काही होत नाही. दुसऱ्या दिवशीही लोणचं छान लागतं. सगळा घात इथेच होतो, कारण काही झालं नाही म्हणून पुढच्या वेळी कोणी चमचा पुसत नाही. बुरशी दिसते ती फार नंतर. तोवर दादरा तसाच बांधलेला असतो, वरून तेलही चमकत असतं. मग वरचा थर खरवडून टाकतात आणि म्हणतात, आता ठीक आहे. कंपनीत एका कारकुनाला निलंबित करतात, ते हेच खरवडणं. बरणीत पहिला ओला चमचा कोणी घातला, हे कोणी विचारत नाही. आणि तो पोरानं घातला असता तर त्याला धपाटा बसला असता, हेही लक्षात घ्या.

आता एन्रॉन ही अमेरिकन कंपनी घ्या. हे नाव महाराष्ट्राला सांगायला नको. गुहागर तालुक्यातला दाभोळचा वीजप्रकल्प, त्यावरची आंदोलनं, १९९५ साली रद्द होऊन पुढे पुन्हा झालेला करार, १९९९ साली सुरू होऊन २००१ साली बंद पडलेली वीज, हे आपण सगळं पाहिलं आहे. पण आज मी ह्यूस्टनच्या मुख्यालयाबद्दल बोलतोय. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता अशी चार मूल्यं या कंपनीनं जाहीर केली होती. कंपनीशी व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या संस्थेत अधिकाऱ्यानं स्वतःचा हितसंबंध ठेवू नये, असा नियमही होता. जून १९९९ मध्ये अर्थविभागाचे प्रमुख अँड्र्यू फॅस्टो यांना नेमकं तेच करायचं होतं. त्यांना एक निधी काढून तो स्वतः चालवायचा होता आणि त्याचे व्यवहार एन्रॉनशीच होणार होते. निधीचं नाव पत्नी आणि मुलं यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ठेवलं होतं. म्हणजे विकणारा आणि घेणारा, दोन्हीकडे हाच माणूस. संचालक मंडळानं काय करावं? नियम तसाच ठेवला आणि फॅस्टो यांच्यापुरती सूट दिली. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या निधीसाठी पुन्हा तेच झालं. पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा.

आता तारखेकडे लक्ष द्या. साठाहून अधिक पानांची ती सुप्रसिद्ध आचारसंहिता, अध्यक्ष केनेथ ले यांच्या प्रस्तावनेसह, जुलै २००० ची आहे. म्हणजे पुस्तिका कर्मचाऱ्यांच्या हाती पडली तेव्हा तिच्यातल्या नियमाला वरच्या माणसासाठी सूट देऊन झाली होती. ऑगस्ट २००१ मध्ये शेरन वॉटकिन्स या अधिकारी बाईंनी ले यांना पत्र लिहून हिशेबातला घोळ कळवला. त्यानंतर वकिलांकडे काय विचारणा झाली? या बाईंना कामावरून काढलं तर कायद्याची काही अडचण येईल का? २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. हजारो माणसांची नोकरी गेली, आणि ज्यांनी निवृत्तीची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती त्यांची पुंजीही गेली. पुन्हा सांगतो, कारण घाईत हे सुटून जातं: एन्रॉनमध्ये नियम होता, नियम चांगला होता, आणि मंडळानं बैठक घेऊन, रीतसर, तो एका माणसासाठी बाजूला ठेवला.

आपल्याकडचं उदाहरण सत्यम या आयटी कंपनीचं. १६ डिसेंबर २००८ रोजी अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या विकत घ्यायला संचालक मंडळानं संमती दिली, तीही नामवंत स्वतंत्र संचालक असताना. भागधारक खवळले म्हणून काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ ला हिशेब खोटे असल्याच्या कबुलीचं अध्यक्षांचं पत्र आलं. यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण घड्याळ थांबत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीचं मूल्यांचं एकपानी निवेदन १९४३ सालचं. गिऱ्हाईक आधी, भागधारक शेवटी, असा त्याचा क्रम. १९७० च्या दशकात कंपनीचे प्रमुख जेम्स बर्क यांनी वरिष्ठांना बसवून सरळ विचारलं की, हे पाळायचं नसेल तर भिंतीवरून काढून टाकू या का? लोक भांडले, वाद झाला आणि कागद राहिला. १९८२ साली शिकागो भागात या कंपनीच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं आणि सात माणसं दगावली. विष कारखान्यात मिसळलेलं नव्हतं, प्रकार एकाच भागातला होता. अपवाद करायला याहून चांगलं निमित्त कोणतं? तरी देशभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत घेतल्या. पुढे याच कंपनीवर दुसऱ्या उत्पादनांवरून मोठे खटले झाले. म्हणजे एकदा पाळलं की कायमचं झालं, असं काही... असो, हा भाग आज पुरा होणार नाही.

आपला २०१३ चा कंपनी कायदा सूचिबद्ध कंपन्यांना दक्षता यंत्रणा ठेवायला लावतो. तक्रार करणाऱ्याला छळापासून संरक्षण आहे आणि गरज पडली तर लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता येतं. कायदा चांगला आहे. पण त्या दारापर्यंत जायला माणूस केव्हा धजेल? त्याच्या डोळ्यांदेखत साहेबांनी स्वतःसाठी सूट घेतली नसेल, तेव्हाच ना?

म्हणून माझं सांगणं सेक्शन चालवणाऱ्या मंडळींना आहे. फोरमन असा, शाखाधिकारी असा, नाहीतर खरेदीत असा. ‘आम्ही काय, हुकमाचे ताबेदार’ असं म्हणू नका, सही तुमचीच असते. गेल्या वर्षभरात आपल्या विभागात विशेष बाब म्हणून काय काय मंजूर झालं, याची एक यादी काढा. कोणी मागितलं, कोणी दिलं, कारण काय, आणि तीच सूट हेल्परनं मागितली असती तर मिळाली असती का, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहा. ती यादी हाताखालच्या माणसांसमोर मोठ्यानं वाचा. हे येत्या सोमवारीच करा, वार्षिक नीतिमत्ता सप्ताहाची वाट पाहू नका.