उपग्रहाचा तोतया

श्रोतेहो, नागपूरच्या झिरो माइलच्या दगडाशी उभे असताना फोनने तुम्हांला वर्ध्यात दाखवले, तर विश्वास कोणावर ठेवाल? दगडावरच ना!

दिशादर्शक उपग्रहांचे संकेत सुमारे २०,००० किलोमीटरांवरून येतात, म्हणून फार क्षीण असतात. नागरी संकेतांची रचना उघड असते. जवळून कोणी जोरकस नक्कल केली, की यंत्र फसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीला उतरू पाहणाऱ्या काही विमानांना असेच खोटे संकेत मिळाले. जमिनीवरची जुनी साधने तेव्हा कामी आली.

चोर ओळखावा कसा? खरे उपग्रह आकाशभर विखुरलेले. नक्कल बहुधा एकाच दिशेने येते. सगळे संकेत एकदम सारखेच जोरकस झाले, किंवा यंत्राच्या घड्याळाने उडी मारली, की समजावे, कुठेतरी पाणी मुरते आहे.

गुरुजनहो, मुलांना एवढे सांगा: यंत्राचे ऐकावे, पण दुसऱ्या साक्षीदाराला विचारूनच.