नियमांची सुसंगती आणि गणकयंत्र

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे आज एक तालुक्याचे गाव आहे. अकराव्या-बाराव्या शतकांत मात्र ते चालुक्यांची राजधानी होते. सहाव्या विक्रमादित्याने १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे येथून राज्य केले, आणि त्याच्याच काळात विज्ञानेश्वर पंडिताने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका येथे लिहिली. बंगाल व आसाम हे प्रांत वगळता भारताच्या बहुतेक भागांत हिंदूंच्या वारसाहक्काचा निर्णय शतकानुशतके या ग्रंथाच्या आधारे होत आला. मराठी व कन्नड मुलूख तर त्याच्या शासनाखाली होतेच.

विज्ञानेश्वरापुढे जो पेच होता, तो आजच्या संगणकशास्त्रातील एका मोठ्या प्रश्नाशी जवळचे नाते सांगतो. पुत्रहीन पुरुष मरण पावला तर त्याचे धन कोणास मिळावे? याज्ञवल्क्य वारसांच्या मालिकेत प्रथम पत्नीचे नाव घेतो. नारदाचे वचन मात्र असे आहे की, धन भावांनी वाटून घ्यावे आणि विधवेस केवळ पोटगी द्यावी. दोन्ही वचने प्रमाण मानावयाची, म्हणजे एकही टाकून देता येत नाही. आणि दोन्ही शब्दशः घेतली तर एकाच घरात एकाच वेळी दोन्ही खरी होऊ शकत नाहीत. विज्ञानेश्वराने त्यांत एक भेद शोधला. मृत पुरुष भावांपासून विभक्त झालेला असेल आणि पुन्हा एकत्र आलेला नसेल, तर पत्नी वारस होय. कुटुंब एकत्र असेल तर पोटगीचे वचन लागू पडते. घर विभक्त की एकत्र, हा प्रश्न मध्ये घालताच दोन्ही वचने निर्वेधपणे एकत्र नांदू लागली.

काही नियम दिले असता ते सर्वच्या सर्व एकाच वेळी पाळले जातील अशी एखादी परिस्थिती संभवते काय, हाच तो प्रश्न. तर्कशास्त्रात यास विधानांच्या पूर्ततेचा प्रश्न म्हणता येईल. संगणकतज्ज्ञ त्यास ‘सॅट’ या आखूड नावाने ओळखतात. प्रत्येक साधे विधान सत्य असते किंवा असत्य. ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या तीन शब्दांनी अशी विधाने जोडून कितीही गुंतागुंतीचा नियम लिहिता येतो. या शब्दांचे बीजगणित जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले.

प्रश्न समजावयास सोपा, पण सोडविण्यास विलक्षण कठीण आहे. विधाने तीन असतील तर सत्य-असत्याच्या आठ जुळण्या तपासाव्या लागतात. दर नव्या विधानाबरोबर ही संख्या दुप्पट होते, आणि केवळ तीस विधानांच्या जुळण्या एकशे सात कोटींच्या वर जातात. खऱ्या व्यवहारात तर विधाने हजारांनी व लाखांनी असतात. सर्व जुळण्या एकेक करून पाहणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे.

या कोंडीतून वाट काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. मार्टिन डेव्हिस आणि हिलरी पुटनम यांनी १९६० साली एक रीत प्रसिद्ध केली, आणि १९६२ साली डेव्हिस, लोगमन व लव्हलँड यांनी तिला नवे रूप दिले. एक विधान सत्य धरावे. त्यावरून जी विधाने ओघानेच ठरतात ती ठरवीत जावे. विरोध आढळला की मागे फिरून ते विधान असत्य धरून पाहावे, अशी ती रीत. पुढे १९७१ साली टोरांटो येथील स्टीफन कुक यांनी या प्रश्नाचे खरे स्थान दाखवून दिले. ज्यांचे उत्तर हाती आल्यावर ते पडताळून पाहणे सोपे असते, असे सर्व प्रश्न या एका प्रश्नाच्या रूपात मांडता येतात, हे त्यांनी सिद्ध केले. रशियात लिओनिद लेव्हिन यांनी स्वतंत्रपणे तशाच स्वरूपाचा सिद्धांत १९७३ साली प्रसिद्ध केला. म्हणजे ही एक कुलूपकिल्ली सापडली तर असंख्य कुलुपे उघडतील. ती किल्ली अस्तित्वात आहे की नाही, हे अद्याप कोणास सांगता आलेले नाही; अमेरिकेतील क्ले गणितसंस्थेने २००० साली या कोड्यावर दहा लाख डॉलरांचे पारितोषिक ठेवले आहे.

सर्वत्र चालणारी किल्ली नसली, तरी व्यवहारातील बहुसंख्य कुलुपे मात्र उघडू लागली आहेत. याचे श्रेय एका साध्या विचाराकडे जाते. मांजरेला पूर आला असता आडवाटेने निघालेला प्रवासी एका उताराशी अडला, तर शहाणा माणूस नुसता मागे फिरत नाही. कोणत्या वळणामुळे आपण या उताराशी आलो, हे तो ध्यानात ठेवतो आणि त्या वळणास पुन्हा जात नाही. १९९६ साली मार्केस-सिल्वा व सकल्ला यांनी आपल्या कार्यक्रमात हीच युक्ती योजिली. विरोध आढळताच त्याचे कारण शोधावयाचे आणि ते नवा नियम म्हणून टिपून ठेवावयाचे. २००१ साली प्रिन्स्टन विद्यापीठात शरद मलिक यांच्या गटाने ‘चॅफ’ हा कार्यक्रम तयार करून या रीतीचा वेग पुष्कळ वाढविला. तेव्हापासून लक्षावधी नियमांचे प्रश्नही प्रत्यक्षात सुटू लागले.

याचा उपयोग कोठे होतो? १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम या चिपमध्ये भागाकाराची चूक आढळली आणि कंपनीस सत्तेचाळीस कोटी पन्नास लक्ष डॉलरांचा भुर्दंड बसला. चिप बाजारात जाण्यापूर्वीच तिच्या आराखड्यातील दोष तर्काने शोधण्याची निकड तेव्हा सर्वांस पटली. आज हे काम मोठ्या प्रमाणावर याच रीतीने होते. ‘चूक घडेल अशी एखादी स्थिती आहे काय?’ असे यंत्रास विचारावयाचे. ‘नाही’ असे उत्तर आले तर तेच निर्दोषतेचे प्रमाणपत्र. रेल्वेचे उदाहरणही असेच आहे. कलबुर्गी जिल्ह्यातील वाडी जंक्शनावर मुंबईचा, चेन्नईचा व हैदराबादचा मार्ग एकत्र येतात. अशा ठिकाणी एकाच रुळावर दोन गाड्यांस एकाच वेळी हिरवा दिवा मिळता कामा नये. सिग्नल व सांधे यांच्या अशा बंधनांची तर्काने तपासणी करण्याचे काम स्वीडनमध्ये स्टॉलमार्क यांच्या रीतीने सुरू झाले.

महाराष्ट्रातही या विषयाचे संशोधन चालते. पवईच्या आय. आय. टी. मधील सुप्रतीक चक्रवर्ती यांनी कुलदीप मील व मोशे वार्डी यांच्यासह २०१३ साली, नियम पाळणाऱ्या जुळण्या एकूण किती आहेत याची अदमासे पण भरवशाची मोजणी करणारी रीत प्रसिद्ध केली. नुसते ‘आहे’ वा ‘नाही’ यापेक्षा ‘किती’ हे कळल्याने एखादी गोष्ट घडण्याचा संभव किती, याचा अंदाज बांधता येतो.

यंत्राच्या मर्यादाही पाहण्याजोग्या आहेत. औराद वा भालकीकडील एखादी शाळा कल्पावी. मराठी, कन्नड व उर्दू या तीन माध्यमांचे तीन वर्ग पहिल्याच तासाला भरवावयाचे आहेत, खोल्या दोनच, आणि एका खोलीत एकच वर्ग बसवावयाचा. हे जमणार नाही, हे शाळेतील शिपायासही बोटांवर मोजून सांगता येईल. परंतु खोल्यांहून वर्ग एकाने अधिक, हीच अट ठेवून दोहोंची संख्या वाढवीत नेली, तर विरोध टिपत जाणाऱ्या रीतीस लागणाऱ्या पायऱ्या अतोनात वाढतात. अशा अनुमानपद्धतीची ही अगतिकता आर्मिन हाकेन यांनी १९८५ साली सिद्ध केली. मोजणे हा माणसास सहज सुचणारा मार्ग त्या पद्धतीच्या भाषेतच नसतो.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. तीन वर्ग दोन खोल्यांत बसत नाहीत, हे यंत्र सांगेल. एवढेच नव्हे, तर परस्परांशी न जुळणाऱ्या अटी वेगळ्या काढूनही दाखवील. पण कोणत्या माध्यमाच्या मुलांनी दुसऱ्या तासाची वाट पाहावी, की तिसरी खोली बांधावी, हे त्यास ठरविता येत नाही. तो निर्णय माणसांचा आहे.

विज्ञानेश्वराच्या निर्णयाबाबतही हेच दिसते. त्याने वचनांची सुसंगती लावली आणि विभक्त घरातील विधवेस वारस केले, हे त्याचे मोठेपण. तथापि एकत्र कुटुंबातील विधवा पोटगीवरच राहिली, आणि मुलीस जन्मतः हक्क मिळाला नाही. ते नियम परस्परांशी जुळत होते, पण तेवढ्याने ते न्याय्य ठरले नाहीत. म्हणून ते बदलावे लागले. १९३७ च्या कायद्याने विधवेस एकत्र कुटुंबातही हिस्सा दिला, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिचा हक्क पूर्ण केला, १९९४ साली महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी अविवाहित मुलींस सहदायाद मानले, आणि २००५ साली देशभर सर्व मुलींस तो हक्क मिळाला.

नियम एकत्र नांदू शकतात काय, हे आता यंत्रास विचारता येते, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर तत्काळ मिळते. ते नियम नांदवण्याजोगे आहेत काय, हा प्रश्न मात्र कल्याणच्या पंडिताच्या काळी होता तितकाच आजही माणसांपुढे आहे.