संगणकावरील जवळच्या वाटा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



द्विशिक्षकी शाळेतील एक बाई. मधली सुट्टी झाली आहे, मुले व्हरांड्यात पोषण आहाराच्या पंगतीला बसली आहेत आणि बाई कार्यालयात संगणकासमोर बसून पटाची यादी तयार करीत आहेत. चाळीस नावे लिहून झाली. एवढ्यात बोट भलतीकडे पडते आणि सारी यादी नाहीशी होते. कोऱ्या पडद्यावर एकटे एक अक्षर उरते. "गुरुजी, सगळं गेलं हो!" बाईंचा आवाज ऐकून गुरुजी येतात, पाहतात आणि म्हणतात, "बाई, आता दुसऱ्या कशाला हात लावू नका. कंट्रोलची कळ दाबून धरा आणि झेड दाबा." बाई तसे करतात. चाळीसही नावे जागच्या जागी येऊन बसतात.

घडले ते इतकेच होते. शिफ्टऐवजी बोट कंट्रोलवर पडले आणि त्याच वेळी ए ही कळ दाबली गेली. कंट्रोल आणि ए या जोडीचा अर्थ 'सर्व मजकूर निवडावा' असा आहे. निवडलेल्या मजकुरावर पुढचे अक्षर उमटले की ते साऱ्या मजकुराची जागा घेते. यंत्राने आज्ञा पाळली. आज्ञा मात्र नकळत दिली गेली होती. कंट्रोल आणि झेड ही जोडी शेवटची कृती मागे घेते. पुन्हा दाबली तर त्याच्या आधीचीही. अधिक मागे गेल्यास कंट्रोल आणि वाय यांनी पुढे येता येते.

पन्नाशीच्या पुढील पुष्कळ शिक्षक संगणकाजवळ शेजाऱ्याची सायकल मागून आणल्यासारखे बसतात. काही बिघडले तर काय, ही धास्ती मनात असते. प्रशिक्षणवर्गांत पहिला तास संगणकाच्या पिढ्या आणि त्याचे भाग यांतच खर्ची पडतो. खरे पाहता पहिल्या पाच मिनिटांत 'चूक मागे घेता येते' एवढेच हाताने करवून घेतले, तर निम्मी भीती तेथेच ओसरेल. पाटीवर चुकलेले अक्षर पुसता येते हे ठाऊक असलेले मूलच मोकळेपणाने गिरविते, हे शिक्षकांना सांगावयास नको.

तथापि या जोडीलाही मर्यादा आहेत. फाइल जतन करून बंद केली की तिच्यातील मागच्या कृतींची आठवण संगणकाजवळ राहत नाही. फाइल पुसली तर ती रिसायकल बिनमध्ये जाते व तेथून परत आणता येते. परंतु शिफ्ट दाबून डिलीट केल्यास ती तेथे न जाता थेट नाहीशी होते. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइलही साधारणतः रिसायकल बिनमध्ये जात नाही. निकालपत्रकाची एकमेव प्रत पेनड्राइव्हवर ठेवणाऱ्या मुख्याध्यापकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी सवय जतन करण्याची. वर्ड किंवा एक्सेलमध्ये काम करताना प्रत्येक परिच्छेदानंतर, प्रत्येक दहा नावांनंतर कंट्रोल आणि एस दाबावे. आपल्या खेड्यांत वीज सांगून जात नाही. येथे एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. यूडायस प्लससारख्या संकेतस्थळावर अर्ज भरताना कंट्रोल आणि एस दाबले, तर भरलेली माहिती तिकडे जतन होत नाही. ब्राउझर त्या पानाची एक प्रत आपल्याच संगणकावर ठेवू पाहतो. माहिती पोहोचवावयाची तर अर्जातील 'सेव्ह'चे बटणच दाबावे लागते. अर्ध्या भरलेल्या अर्जावर एफ ५ दाबल्यास पान नव्याने उघडते आणि भरलेले बहुधा जाते. म्हणून लांबलचक मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहावा, तपासावा आणि मग अर्जात चिकटवावा.

चिकटविण्याचा हा शब्द उगाच आलेला नाही. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७० नंतरच्या दशकात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाची लेखनप्रणाली घडविली. ती जिन नावाच्या प्रकाशनसंस्थेच्या संपादकांसाठी होती, आणि ही संस्था शालेय पाठ्यपुस्तके काढीत असे. हस्तलिखिताचा कागद कात्रीने कापावा आणि डिंकाने दुसरीकडे चिकटवावा, ही संपादकांची नित्याची रीत. तीच पडद्यावर आली. टेस्लर पुढे ॲपल कंपनीत गेले. २०२० साली त्यांचे निधन झाले. ॲपलच्या १९८३ सालच्या 'लिसा' संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या चार कळा अनुक्रमे मागे घेणे, कापणे, प्रत घेणे व चिकटविणे यांसाठी होत्या. आज विंडोजमध्ये त्याच कळा कंट्रोलसह चालतात. कळफलकाच्या खालच्या ओळीत डावीकडून त्या एकापुढे एक आहेत. करंगळी कंट्रोलवर टेकवली की उरलेली बोटे सहज पोहोचतात. पाठांतराची गरज नाही, हात आठ दिवसांत शिकतो. विंडोज १० पासून विंडोज आणि व्ही दाबल्यास आधी घेतलेल्या अनेक प्रतींची यादीही समोर येते. पहिल्या वेळी ती सोय सुरू करावी लागते.

ब्राउझरमधील काही जोड्या झटकन सांगण्याजोग्या आहेत. चुकून बंद झालेले पान कंट्रोल, शिफ्ट आणि टी यांनी पुन्हा उघडते. शेकडो नावांच्या यादीतून आपल्या शाळेचे नाव कंट्रोल आणि एफ दाबून शोधावे. डोळे शिणवू नयेत. अक्षर बारीक वाटल्यास कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह, पूर्ववत करावयाचे तर कंट्रोल आणि शून्य. अर्जात एका रकान्यातून पुढच्या रकान्यात जाण्यास टॅबची कळ, मागे येण्यास शिफ्टसह टॅब. (ब्राउझरच्या पानालाही टॅबच म्हणतात, यामुळे नवशिक्यांचा पुष्कळ घोटाळा होतो.) कंट्रोल आणि पी दाबून छपाईऐवजी पीडीएफ निवडले की भरलेल्या अर्जाची प्रत कागद न दवडता जपून ठेवता येते.

मुलांचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते ते एक्सेलमध्ये, म्हणून तेथे थोडे थांबले पाहिजे. बारा अंकी आधार क्रमांक साध्या चौकटीत लिहिला की त्याऐवजी दशांशचिन्ह, ई आणि ११ असे काहीतरी दिसू लागते. येथे क्रमांक शाबूत असतो, फक्त दिसणे बदलते. परंतु एक्सेल कोणत्याही संख्येचे पंधराच अंक सांभाळते. त्याहून लांब क्रमांक लिहिला, तर सोळाव्या अंकापासून पुढे मुकाट्याने शून्ये होतात. २०१५ साली महाराष्ट्रात सुरू झालेल्या 'सरल' प्रणालीतील विद्यार्थी क्रमांक असाच लांब आहे. त्याचे शेवटचे अंक शून्य झाले की एका मुलाची ओळख पुसली जाऊन शेजारच्या मुलाशी ती मिसळते. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर आरंभीचे शून्य गळते. शिष्यवृत्ती जमा का होत नाही, म्हणून पालक शाळेत खेटे घालतात. त्या खेट्यांचे मूळ कधी कधी या एका गळलेल्या शून्यात असते.

उपाय सोपा आहे, मात्र तो आधी करावयाचा आहे. रकान्याच्या माथ्यावरील अक्षरावर टिचकी मारून सारा रकाना निवडावा, कंट्रोल आणि १ दाबावे, उघडणाऱ्या चौकटीत 'टेक्स्ट' निवडावे आणि मगच क्रमांक लिहावेत. एखादाच क्रमांक असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. गेलेले अंक नंतर टेक्स्ट निवडून परत येत नाहीत. जन्मतारखांच्या बाबतीतही असेच सावध असावे. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल, तर ५/६ ही ५ जून न राहता ६ मे होते, आणि १५/६ ही तारीख म्हणून ओळखलीच जात नाही. रकान्यात काही तारखा उजव्या कडेला आणि काही डाव्या कडेला दिसल्या, तर घोटाळा झाला असे समजून तपासणी करावी.

मराठी लेखनासाठी विंडोज आणि स्पेस या जोडीने भाषा बदलते. इनस्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. के या कळेवर क, शिफ्टसह तीच कळ दाबली की ख. पाय मोडण्याचे चिन्ह डी या कळेवर आहे. म्हणून के, डी, जे असे दाबले की 'क्र' उमटतो. 'वाऱ्यावर', 'दऱ्या' या शब्दांतील जोडाक्षर अनेकांना साधत नाही. त्यासाठी शिफ्टसह जे, मग डी, मग य. ज्याने बाराखडी शिकविली त्याला ही मांडणी आठवडाभरात उमगते. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय तात्पुरती बरी. पण शिक्षकाने तिच्यावर विसंबावे, हे फारसे शोभत नाही.

शेवटी तालुक्याच्या गावातील संगणक केंद्राविषयी. शाळेत वीज वा इंटरनेट नसले की शिक्षक शनिवारी तेथे जातो, परवलीचा शब्द कागदावर लिहून केंद्रचालकाच्या हाती देतो आणि बाकावर वाट पाहत बसतो. त्या एका शब्दामागे गावातील सर्व मुलांचे आधार क्रमांक, जाती आणि जन्मतारखा असतात. शब्द आपल्याच हाताने टाइप करावा, मग कितीही वेळ लागो. क्रोम किंवा एज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन, फायरफॉक्स असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी दाबून खाजगी खिडकी उघडावी. काम होताच संकेतस्थळावरून रीतसर बाहेर पडावे आणि ती खिडकी बंद करावी. मग भेट दिलेल्या पानांची नोंद ब्राउझरमध्ये राहत नाही. खाजगी खिडकीतूनही उतरवून घेतलेल्या फाइली मात्र त्या संगणकावर तशाच राहतात. म्हणून उठण्यापूर्वी 'डाउनलोड्स'ची थैली उघडावी, आपल्या फाइली पेनड्राइव्हवर घ्याव्यात, त्या नीट उघडतात याची खात्री करावी आणि तेथील प्रती शिफ्ट दाबून डिलीट कराव्यात. शाळेत जी कळ जपून वापरावयाची, ती येथे न विसरता वापरावयाची आहे.