अधूनमधून पेटणारा दिवा
(रस्ता सुरक्षा महिन्यानिमित्त निपाणी येथे ग्रामस्थ, शिक्षक व वाहनचालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



निपाणीहून बेळगावकडे निघालेल्या प्रवाशाला तवंदीचा घाट ओलांडावा लागतो. पावसाळ्यात तेथील रस्ता ओला असतो. अशा वेळी मोटारीच्या दर्शनी फलकावर घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा पेटावा आणि पुढे तो आपोआप विझावा, असा अनुभव आपणांपैकी काहींना आला असेल. दिवा विझला म्हणजे दोष गेला, असे मानून आपण मार्गस्थ होतो. ही समजूत दूर व्हावी, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्र माझा विषय नव्हे. तथापि जे स्वतः अनुभवले आणि जाणत्यांकडून समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवतो.

हा दिवा ज्या यंत्रणेचा आहे, तिला ईएससी म्हणतात. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ साली ती प्रथम मोटारीत आणली. चालकाने स्टिअरिंग किती वळवले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली, यांची ती सतत तुलना करते. दोहोंत तफावत पडली, म्हणजे गाडी घसरू लागली, की ती नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावून गाडी ताळ्यावर आणते. चालकाचा हेतू तिला कळतो तो स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेल्या कोनदर्शक सेन्सरमुळे. या सेन्सरची वार्ता अविश्वसनीय ठरली, तर यंत्रणा चुकीचा ब्रेक लावण्यापेक्षा स्वतःच बाजूला होते आणि दिवा पेटतो. घसरताना दिवा लुकलुकला, तर यंत्रणा काम करीत आहे असे समजावे. तो स्थिर पेटून राहिला, तर आधार सुटला असे समजावे. साधे ब्रेक बहुधा चालूच राहतात. म्हणूनच उणीव ध्यानात येत नाही, आणि ती येते ती नेमकी निसरड्या वळणावर.

आता माझ्याच मोटारीची हकीकत सांगतो. हा दिवा आठवड्यातून एकदोनदा पेटू लागला. एका गॅरेजात स्कॅनर लावला असता कोनदर्शक सेन्सरचा दोषांक निघाला. लागलीच सेन्सर बदलण्यात आला आणि कित्येक हजार रुपये खर्ची पडले. पंधरा दिवसांनी तवंदीच्या घाटात दिवा पुन्हा हजर!

मग निपाणीतील एका वयस्क मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी हत्यार हाती घेण्यापूर्वी मला वही करावयास सांगितले. "साहेब, दिवा कधी पेटतो ते लिहून ठेवा. वेळ, रस्ता, पाऊस, वळण कोणत्या हाताचे, आणि गाडी कोण चालवत होतं, तेही लिहा." पंधरा दिवसांत पाच नोंदी झाल्या. त्यांत पाऊस दोनदाच होता. वळणे दोन्ही हातांची होती. मात्र पाचही वेळा गाडी माझे चिरंजीव चालवत होते. घाटातल्या त्या दिवशीही तेच होते!

मेस्त्रींनी विचारले, "मुलगा स्टिअरिंग खाली ओढून घेतो काय?" होय, त्याला तशी सवय आहे. त्यांनी स्टिअरिंग खाली केले, स्कॅनरवर कोनाचा आकडा लावला आणि चाक सावकाश फिरवले. आकडा मध्येच उडी घेऊ लागला. स्टिअरिंग वर करताच तो संथपणे सरकू लागला. स्टिअरिंग खाली येताच आतील वायर ताणली जात होती आणि कनेक्टरमधील एक पिन सैल झाली होती. जुना सेन्सर निर्दोष होता. दुरुस्तीचा खर्च सेन्सरच्या किमतीपुढे नगण्य झाला.

एक दिवसाआड येणाऱ्या हिवतापात वैद्य प्रथम ताप केव्हा चढतो, हे विचारतात. अधूनमधून प्रकटणाऱ्या दोषाचेही तसेच आहे. दोषांक हा पत्ता आहे, निकाल नव्हे. 'सी ००५१' हा अंक सेन्सरच्या संदेशात बिघाड असल्याचे सांगतो. 'यू ०१२६' हा अंक सेन्सरशी संपर्क तुटल्याचे सांगतो. परंतु संदेश बिघडण्यास अशक्त बॅटरी, गंजलेला कनेक्टर, घासलेली वायर किंवा स्टिअरिंगखालची झिजलेली क्लॉक स्प्रिंग, यांपैकी काहीही कारण होऊ शकते. चाकांची अलाइनमेंट केल्यावर सेन्सरचे शून्य पुन्हा जुळवले नसेल, तरी दिवा पेटतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. दोषांक पुसण्यापूर्वी तो व त्यासोबतची नोंद लिहून घ्यावी. बॅटरी व तिची टोके तपासावी. चाके सरळ असता कोन शून्याजवळ आहे काय आणि दोन्ही बाजूंस टोकापर्यंत तो सारखा भरतो काय, हे पाहावे. त्यानंतर वायर व कनेक्टर हलवून आकडा उडतो का, ते पाहावे. सुटा भाग बदलणे हा शेवटचा उपाय होय. एक इशारा मात्र विसरू नये: स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. बॅटरी सोडून काही मिनिटे थांबल्याशिवाय आणि जाणत्या हाताशिवाय ते उघडू नये.

बेळगावच्या उद्यमबागेतील कारागीर माप घेतल्याशिवाय लोखंडाला हात लावीत नाहीत. तीच शिस्त आपल्या गॅरेजांत यावयास हवी. त्यासाठी मालकांनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. आपण सुट्या भागाचे पैसे बिनतक्रार देतो आणि दोष शोधण्यात गेलेल्या दोन तासांचे देताना घासाघीस करतो. मग मेस्त्रीने भागच बदलला, तर दोष त्याचा एकट्याचा कसा? माझ्या मेस्त्रींनी शोधाचे पैसे मागितले नव्हते. मी ते आग्रहाने दिले.

गुरुजनांना विनंती अशी की, निरीक्षण करून नोंद ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी. शासकीय वाहनांच्या चालकांनी व अधिकाऱ्यांनी वाहनाच्या नोंदवहीत अशा दिव्यासाठी एक रकाना राखावा. शेतमाल, रुग्ण आणि शाळेची मुले याच घाटांतून जातात. दिवा विझल्यावर आपण दोष विसरतो. वही तो विसरत नाही.