कर्जखताची भाषा



सांगली जिल्ह्यातील पलूस हा कृष्णाकाठचा तालुका. ऊस आणि द्राक्षे ही येथील मुख्य पिके, आणि ही दोन्ही पिके अशी की त्यांत पैसा आधी घालावा लागतो व तो हाती पुष्कळ उशिरा येतो. म्हणून येथील शेतकऱ्याच्या घरी कर्जाचा कागद ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. सोसायटीचा कागद, बँकेचा कागद, ट्रॅक्टरचा कागद, आणि शेजाऱ्यास जामीन राहिल्याचा कागद. या सर्व कागदांची मूळ कल्पना व पुष्कळदा मूळ मजकूर इंग्रजी असतो. त्याचे मराठी होते ते मागाहून. ते मराठी कसे असावे, याविषयी आज आपणांशी थोडे बोलावयाचे आहे. शहरात घरासाठी कर्ज काढणाऱ्या सुशिक्षित कुटुंबासही हा विषय परका वाटू नये.

कर्जाच्या परिभाषेत एक अक्षर किती मोलाचे असते, याचा दाखला याच परिसराच्या इतिहासात सापडतो. आज पलूस तालुक्यात मोडणारी किर्लोस्करवाडी १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत वसली, आणि तेथील किर्लोस्कर बंधूंचा कारखाना १९२० साली 'लिमिटेड' कंपनी झाला. लिमिटेड म्हणजे काय? भागधारकाने जेवढ्या रकमेचा भाग घेतला, तेवढीच त्याची जबाबदारी. कंपनी बुडाली तरी त्याच्या घरादारास धक्का नाही. परंतु त्याच काळात खेड्यापाड्यांत ज्या पतपेढ्या निघत होत्या, त्यांचा पाया १९०४ च्या सहकारी कायद्याने घातला होता, आणि त्या कायद्यान्वये ग्रामीण पेढीच्या सभासदांची जबाबदारी सर्वसाधारणपणे 'अमर्यादित' असे. पेढीचे देणे फिटेना, तर सभासदाची सर्व मालमत्ता त्या देण्यास बांधलेली. मर्यादित आणि अमर्यादित! लिहिताना फरक एका 'अ'चा. पण त्या एका अक्षराच्या पोटात माणसाचे घर आणि जमीन सामावलेली होती.

आता इंग्रजीची एक खोड पाहा. 'चार्ज' हा शब्द घ्या. बँक कर्ज देताना कागदपत्रांची फी घेते, तोही चार्ज. जमिनीवर तिचा हक्क नोंदविते, तोही चार्ज. आणि बँकेचा व्यवस्थापक बदलून नवा आला म्हणजे तो घेतो, तोही चार्जच. मराठीस ही काटकसर करण्याचे कारण नाही. पहिला आकार, दुसरा बोजा, तिसरा कार्यभार. सातबाऱ्यावर 'बोजा' हा शब्द दिसताच शेतकऱ्यास अर्थ कळतो, कारण तो त्याच्या खांद्यास ठाऊक आहे. त्या ठिकाणी कोणी 'प्रभार' असे लिहिले, तर शब्द शुद्ध होईल, परंतु सही करणाऱ्यास वाटेल की येथे कोणाची तरी बदली झाली.

वस्तुतः या क्षेत्रात मराठी मुळीच दरिद्री नाही. मुद्दलाचे नाते कानडीतील 'मुदल' शब्दाशी आहे. कर्ज, जामीन, वसूल हे अरबीतून आले, हप्ता फारसीतून. व्याज संस्कृत आहे, आणि संस्कृतात त्याचा अर्थ निमित्त किंवा कपट असाही होतो, ही गोष्ट कर्जदारांस अगदीच अस्थानी वाटणार नाही! शिवाय गहाणाचे प्रकार पाहा. वस्तू धन्याकडेच राहते आणि सावकाराची तिच्यावर केवळ नजर असते, ते नजरगहाण. जमीन सावकाराच्या कबजात जाते, ते कबजेगहाण. ठरलेल्या मुदतीत पैसे परत न केल्यास जमीन कायमची जाते, ती मुदतखरेदी. ज्यास इंग्रजी 'हायपॉथिकेशन' उच्चारता येत नाही, त्यासही 'नजरगहाण' म्हटल्याबरोबर ट्रॅक्टर आपल्या अंगणात आहे, तथापि तो पूर्णपणे आपला नाही, हे उमजते.

परिभाषा घडविण्याचे मोठे प्रयत्नही आपल्याकडे झाले. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश रचला व फारसी शब्दांस संस्कृत पर्याय दिले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली शासनविषयक शब्दांचा अनेक भाषांतील कोश प्रसिद्ध केला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, आणि त्याने अनेक विषयांचे परिभाषाकोश सिद्ध केले. हे कार्य थोर आहे, यात शंका नाही. परंतु राज्यव्यवहारकोशानंतर साडेतीन शतके होत आली तरी 'कर्ज' आणि 'जामीन' हे शब्द लोकांच्या तोंडून हलले नाहीत, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे. सावकारीचे शब्द ठोकर लागून शिकावे लागतात, आणि असे शिकलेले शब्द माणूस सहसा टाकीत नाही.

हा पेच आपल्या एकट्याचा आहे, असे मात्र नव्हे. फ्रेंच भाषेची गंमत पाहा. इंग्रजांचा 'मॉर्गेज' हा शब्द मूळचा जुन्या फ्रेंचचा. त्याचा शब्दशः अर्थ 'मेलेले तारण'. आज फ्रान्स देश मात्र त्या अर्थी ग्रीक वळणाचा निराळाच शब्द वापरतो. इंग्रजी 'लीजिंग'साठी फ्रेंचांनी 'क्रेदी' म्हणजे उधार आणि 'बाय' म्हणजे भाडेपट्टा, असे घरातलेच दोन शब्द जोडले, आणि १९६६ च्या कायद्यात तो जोडशब्द रूढ केला. उलटपक्षी इंग्रजी 'ट्रस्ट' या कल्पनेस फ्रेंच कायद्यात जागाच नव्हती. तिच्या जवळपास जाणारी व्यवस्था दिवाणी संहितेत आली ती २००७ साली. यावरून ध्यानात येते की, वस्तू घरात असेल तर शब्द घरात सापडतो. वस्तूच नसेल, तर आधी ती समजावून सांगावी लागते.

आणि येथेच आपल्या भाषांतरांचे घोडे अडते. बँकेचे थकलेले कर्ज 'अनुत्पादक मालमत्ता' म्हणून लिहिले जाते. बँकेच्या ताळेबंदात येणे कर्ज ही तिची मालमत्ता असते, म्हणून हा शब्द हिशेबनीसास बरोबर वाटतो. परंतु तीच नोटीस द्राक्षबागेच्या धन्यास गेली, तर तो म्हणेल, 'माझी बाग तर फळांनी लगडली आहे, अनुत्पादक कशी?' त्यास 'आपले कर्ज थकीत झाले आहे' एवढेच सांगितले असते तर पुरे होते.

याहून गंभीर गोष्ट जामिनाची. जामीनखतात 'संयुक्तपणे व पृथक्पणे जबाबदार' अशी शब्दयोजना असते. शेजारधर्म म्हणून सही करणारा गृहस्थ समजतो की आपण दोघे जामीन, तेव्हा निम्मे देणे आपले; आणि तेही कर्जदाराकडून काही वसूल झाले नाही तर. दोन्ही समजुती चुकीच्या. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, निराळा करार नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनको आधी कर्जदाराच्या दारी गेलाच पाहिजे असे नाही, आणि सगळी रक्कम तो कोणाही एकाकडून मागू शकतो. हे तीन सरळ वाक्यांत लिहिता येते. 'पृथक्पणे' या एका शब्दात ते दडवून ठेवले की भाषांतर अचूक होते आणि माणूस फसतो.

व्याजाच्या दराचेही तसेच. एक लाख रुपये, एक वर्ष, बारा हप्ते, शेकडा दहा. व्याज मूळ रकमेवर धरले तर दहा हजार रुपये. घटत्या शिलकेवर धरले तर सुमारे साडेपाच हजार. पहिल्या रीतीचे 'दहा' हे घटत्या शिलकेच्या हिशेबाने जवळजवळ शेकडा अठरा होतात! 'फ्लॅट रेट'चे 'सपाट दर' असे मराठी केल्याने कोणास काय बोध होणार? 'मुद्दल फिटत गेले तरी व्याज पूर्ण रकमेवर' असे म्हटले की अंगठेबहाद्दरही सावध होतो.

अंगठ्यावरून आठवते, हा प्रश्न जुना आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला व तो सातारा जिल्ह्यासही लागू झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त ग्राम-निबंधकासमोर व्हावेत, अशी तजवीज त्यात होती. न कळलेल्या कागदावर अंगठा उठू नये, हा त्यामागील हेतू. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये काढलेल्या आज्ञेचा हेतूही तोच दिसतो. व्यक्तींस द्यावयाच्या कर्जांसाठी व लहान उद्योगांच्या मुदतकर्जांसाठी मुख्य अटींचे एक पत्रक कर्जदारास समजेल अशा भाषेत द्यावे, ते त्यास समजावून सांगावे, सर्व खर्च धरून वार्षिक दर त्यात दाखवावा, आणि पत्रकात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून घेऊ नये, असे ती आज्ञा सांगते. कायद्याने 'समजेल अशी भाषा' म्हटले. ती भाषा प्रत्यक्षात आणणे भाषांतरकाराच्या हाती आहे.

त्यास एक साधी कसोटी पुरेल. कागद मोठ्याने वाचावा, आणि ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत चार गोष्टी सांगाव्यात: किती द्यावयाचे, कोणास द्यावयाचे, केव्हा द्यावयाचे, आणि न दिल्यास काय जाईल. रूढ शब्द असेल तर तो घ्यावा, मग तो अरबी असो की कानडी. शब्द नसेल तर वाक्य लिहावे. कागद चार ओळींनी लांबला तरी हरकत नाही. आणि आपण, जे वाचू शकतो, त्यांनी शेजाऱ्याच्या जामीनखतावर सही करण्यापूर्वी ते त्याच्यासह एकदा मोठ्याने वाचावे, एवढीच विनंती.