आधी सावली, मग झाड

या तापलेल्या घाटावर संध्याकाळची झुळूक शोधत आलेल्या नाशिककर श्रोतेहो,

या आठवड्यात एका दुपारी तुमची सावली तुम्हाला सोडून जाणार आहे. घाबरू नका, मिनिटभरात परत येईल. आपलं गाव साधारण वीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वीस-एकवीस मे आणि पुन्हा तेवीस-चोवीस जुलैच्या सुमाराला, दुपारी साडेबाराच्या आसपास, सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. अंगणात पाण्याचं पिंप उभं असेल तर त्याची सावली त्याच्या बुडाखालीच जाते. जुलैमध्ये ढग असतात, म्हणून बघायचं तर आत्ताच. त्या वेळी आपण जेवून पंख्याखाली आडवे झालेलो असतो. माझी विनंती एवढीच, की त्या दिवशी आडवं होऊ नका. वाटीभर रांगोळी घ्या आणि अंगणात या. बागेचं काम तिथून सुरू होतं.

घराभोवतीच्या बागांची आखणी करणं हा माझा व्यवसाय. बंगला बांधून झाला, रंग झाला, वास्तुशांत ठरली, की आठ दिवस आधी फोन येतो, "मॅडम, कोणती झाडं लावू?" मी विचारते, "ऊन कुठे पडतं?" पलीकडे शांतता. ईशान्य कोपरा कोणता, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण डिसेंबरात दुपारी दोन वाजता अंगणात ऊन कुठे असतं, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

त्याचा हिशोब सोपा आहे. बावीस डिसेंबरच्या सुमाराला भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्याकडे दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ४६-४७ अंशांवर. म्हणजे भिंत जेवढी उंच, जवळजवळ तेवढीच लांब तिची सावली उत्तरेला पडते. तुमचं एक मजल्याचं घर बावीस फूट उंच असेल, तर उत्तरेची वीस फूट जमीन त्या दिवसांत उन्हाला मुकते. आणि त्या बाजूला आपण मोकळी जागा सोडलेली असते किती? पाच फूट, फार तर दहा.

हे मला शिकवलं माझ्याच मोगऱ्याने. माझ्या स्वतःच्या घरी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वास यावा म्हणून मी उत्तरेच्या भिंतीलगत मोगऱ्याची सहा रोपं लावली. शेणखत घातलं, वेळेवर छाटणी केली. पानं अशी हिरवीगार, की येणाराजाणारा कौतुक करायचा. कळी मात्र नावाला. तीन उन्हाळे मी खताला दोष दिला, रोपवाटिकेला दोष दिला. चौथ्या वर्षी वैतागून एक रोप उपटलं आणि फाटकाजवळ पूर्वेला लावलं. त्या एका रोपाने पुढच्या चैत्रात ओंजळ भरली. बाकीच्या पाच जागी आता अळू आणि गवती चहा आहे, आणि दोघेही सुखात आहेत. लोकांना बागा आखून देणाऱ्या बाईला हे कळायला चार वर्षं लागली, तेव्हा तुम्ही संकोच करायचं कारण नाही.

तर रांगोळीचं काम असं. सकाळी नऊ, दुपारी बारा-साडेबारा आणि चार वाजता घराच्या आणि कुंपणाच्या सावलीची कड जमिनीवर रांगोळीने ओढायची, फोटो काढायचा, तारीख लिहायची. एकदा आत्ता मेमध्ये आणि एकदा डिसेंबरात. इंदिरानगरात एका घरी मी हे करत होते, तेव्हा घरातल्या आजी ओसरीवरून म्हणाल्या, "अगो, नक्षी कधी काढणार? नुसत्याच रेघा ओढतेयस!" मी म्हणाले, "आजी, नक्षी सूर्य काढतोय. मी नुसती गिरवतेय." आजींनी संध्याकाळपर्यंत राखण केली. त्या रेघांवर कुणाला पाय ठेवू दिला नाही.

ऊन झालं, आता पाणी. नाशिक शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या इगतपुरीत तो तीन हजारांच्या घरात जातो, आणि उलट दिशेला सिन्नरकडे गेलात तर ढगांकडे बघत बसावं लागतं. म्हणून इगतपुरीच्या मामांच्या बंगल्यात जे फोफावतं, ते तुमच्याकडे रडतं. झाडांची यादी पाहुण्यांकडून आणू नये.

पण सातशे मिलिमीटर म्हणजे काही थोडंथोडकं नाही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर वर्षभरात साधारण पासष्ट हजार लिटर पाणी पडतं. गळती-बाष्पीभवन सोडलं तरी पन्नास हजार लिटर हाती लागतं. ते आपण पन्हाळीच्या पाइपातून थेट रस्त्यावर सोडतो आणि फेब्रुवारीत टँकरला फोन करतो. पहिला पाऊस गच्ची धुण्यासाठी सोडून द्या. नंतरचं पाणी गाळून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात न्या.

आता हिरवळीबद्दल. सगळ्यांना लॉन हवं असतं. वीस बाय वीस फुटांचं छोटं लॉन घ्या. उन्हाळ्यात दर चौरस मीटरला रोज पाच लिटर धरले, तरी जवळपास दोनशे लिटर पाणी. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरतात. म्हणजे घरात दीड माणूस वाढला, आणि तो एक दिवसही गावाला जात नाही! लॉन नकोच असं मी म्हणत नाही. नातवंडं लोळतील एवढा तुकडा ठेवा. उरलेल्या जागेत ठिबकवर झुडपं लावा. ठिबक म्हणजे काय, हे द्राक्षवाल्या जिल्ह्याला मी सांगायला नको.

आपल्या वाड्यांमध्ये हे शहाणपण होतंच. पुढे अंगण, तुळशीवृंदावन, बसाउठायला ओसरी, मागे परस. मोरीचं पाणी परसातल्या केळीला आणि अळूला जायचं, कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दारापासून हाताच्या अंतरावर असायचा. त्याला कुणी डिझाइन म्हणत नव्हतं. पण कोणतं पाणी कुठे जाणार आणि कोणतं पाऊल दिवसातून किती वेळा कुठे पडणार, याचा विचार त्यात पुरेपूर होता.

तिसरी गोष्ट माती. आपली काळी माती मेमध्ये बोट जाईल एवढ्या भेगा दाखवते आणि ऑगस्टमध्ये फुगून कुंपणाची भिंत कलती करते. त्यात नव्या घराच्या अंगणात वरची माती क्वचितच खरी असते. एका घरी मी खड्डा घ्यायला लावला, दोन फूट खोल. चार बोटं लाल माती निघाली, कुणीतरी ट्रॉलीने आणून पसरलेली. तिच्याखाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंटचा गिलावा, दोन रिकाम्या गोण्या, रंगाचा एक डबा. मालक म्हणाले, "तरीच गुलाब धरत नाहीत." मी म्हटलं, "गुलाब कशाला, इथे काँग्रेस गवतही विचार करेल."

म्हणून खड्डा आधी घ्या. तो पाण्याने भरा, रात्रभर ठेवा. सकाळी पाणी जिरलेलं असेल तर छान. तसंच उभं असेल, तर तिथे पावसाळाभर मुळं कुजणार. डबर काढून टाका, कंपोस्ट मिसळा, वाफा वीतभर उंच करा. पाण्याचा ओघ जोत्याकडे नको, बाहेरच्या बाजूला हवा. आणि जोत्यापासून तीन फुटांत रोज पाणी मागणारं काही लावू नका. काळी माती तिथे ओली-सुकी होत राहिली, की तिची गोष्ट भिंतीवरच्या तड्यात वाचावी लागते.

ऊन, पाणी, माती आधी पाहा, हा आग्रह काही माझा एकटीचा नाही. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस भारतात आले आणि त्यांनी आपली कितीतरी गावं गल्लीबोळांतून पायी फिरून पाहिली. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग त्यांच्या हाताखाली सुरू झाला. नगररचनेत त्यांचा आग्रह एकच होता, आधी पाहणी, मग आखणी. जी गोष्ट गावाला लागू, तीच तीस बाय चाळीसच्या प्लॉटला.

ही पाहणी कागदावर आणा. आलेखाचा कागद घ्या, एक चौकट म्हणजे एक फूट. घर काढा, खिडक्या दाखवा. मग ज्या गोष्टी बागेच्या चित्रात कुणी दाखवत नाही, त्या काढा. जमिनीतली टाकी आणि तिचं झाकण, ड्रेनेजचे चेंबर, विजेचा मीटर, गॅस सिलिंडरची वाट, धुण्याची दोरी, गाडी वळायला लागणारी जागा. घरातल्या माणसांची नेहमीची पावलं पेन्सिलीने ओढा. फाटकापासून दारापर्यंत तुम्ही वळणदार वाट केलीत, तरी दूधवाला सरळच जाणार आहे आणि तिथलं गवत मरणार आहे. तेव्हा फरशी त्याच्या रेघेवर टाका. फरशांच्या मध्ये फटी ठेवा. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकलंत, तर पाणी जिरणार नाही आणि रात्री दहापर्यंत तवा निवणार नाही.

इतकं झालं, की झाडं निवडणं अर्ध्या तासाचं काम उरतं. पश्चिमेचं ऊन अडवायचं असेल तर ऐन उन्हाळ्यात पालवलेलं झाड हवं. कडुनिंब शिशिरात पानं झाडतो आणि चैत्रापर्यंत नवी पालवी नेसतो. बहावा नेमका एप्रिल-मेमध्ये पानं टाकून सोन्याचे घोस लटकवतो. म्हणून मी सांगते, बहावा डोळ्यांसाठी, कडुनिंब डोक्यासाठी. दोघांनाही घरापासून चांगलं अंतर हवं. जागा थोडी असेल तर पारिजातक लावा, जास्वंद, तगर, कढीपत्ता लावा. द्राक्षाच्या मांडवाची हौस असणाऱ्यांना मात्र आठवण देते, की एप्रिलात खरड छाटणी झाली की तो मांडव उघडाबोडका होतो, नेमका तुम्हाला सावली हवी असते तेव्हा.

आणि एक कायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. आपल्याच अंगणातलं झाड तोडायचं तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. झाड लावायला कुणी अर्ज मागत नाही, तोडायला मागतात. म्हणून पेन्सिलीने चुका आणि खोडरबराने सुधारा.

शेवटी एक प्रश्न, जो मला नेहमी विचारला जातो. "मॅडम, मोठं झाड नाहीच का लावायचं?" नदीपलीकडे पंचवटी आहे. पाच वडांवरून नाव पडलेली जागा. मोगलांनी या शहराला गुलशनाबाद म्हटलं, ते नाव मागे पडलं; वडांचं नाव मात्र लोकांच्या तोंडी टिकलं. आणि वड तुमच्या बाराशे चौरस फुटांत मावत नाही. त्याच्या मुळांना टाकी दिसली की पुरे, आणि पाचोळ्यावरून शेजाऱ्यांशी अबोला होतो तो वेगळाच.

पण कॉलनीच्या ले-आउटमध्ये बहुधा एक मोकळी जागा सोडलेली असते. आज तिथे बहुतेक ठिकाणी गाजर गवत आहे, नाहीतर मंडपाचे बांबू पडलेले आहेत. आपली आखणी कुंपणाशी थांबते, म्हणून ती जागा कुणाच्याच कागदावर येत नाही. आलेखाच्या कागदाला आणखी एक कागद जोडा. रांगोळीची वाटी घेऊन त्या जागेतही जा, शेजाऱ्यांना बरोबर घ्या, रीतसर विचारून घ्या. पंचवटीत पाच वड होते. आपल्याला पाच घरांत मिळून एक जमला तरी पुष्कळ.

त्याची सावली कुठे पडणार, हे मात्र लावण्याआधी बघा. साडेबाराला भेटू.