साखळी कुरकुरते तेव्हा

गिअरच्या सायकलची साखळी मागच्या मोठ्या चक्रावर चढेना, की अनेकजण आधी स्क्रू पिळतात. थांबा! बहुधा केबल सैल झालेली असते. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या मागच्या डिरेलरमध्ये केबल शिरते तिथली गोल फिरकी घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, पेडल मारून ऐका. कुरकुर थांबेपर्यंत असंच, पाव-पाव फेऱ्याने.

सायकल उजव्या कुशीवर पडली असेल, तर मात्र डिरेलर ज्याला जोडलेला असतो तो हँगर मागून नीट न्याहाळा. तो आत वाकलेला असला, तर डिरेलर आऱ्यांत अडकून चाकच मोडू शकतं.

तसं झालंच, तर नवं चाक घेताना टायरवरचा व्यासाचा आकडा बघा: उदाहरणार्थ, ५५९ की ६२२? ॲक्सलची रुंदी आणि चक्रांची संख्याही जुळायला हवी. जुनं चाक काढण्याआधी साखळी सर्वांत लहान चक्रावर आणा. चाक अलगद सुटतं. नवं बसवल्यावर गिअर पुन्हा लावून घ्या.